आधी पाणी, मग पक्षी

शिवडीच्या जेट्टीवर मी पहिल्यांदा गेले ती माघ वद्य द्वितीयेला. त्या दिवशी तिथी माहीत नव्हती. पुढे कधीतरी जुनं पंचांग उघडून काढली. पक्षी पाहायचे तर पहाटे निघावं, असं सगळीकडे वाचलं होतं. म्हणून अंधारातच ठाण्याहून गाडी पकडली, कुर्ल्याला बदलली आणि सातच्या सुमाराला जेट्टीच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. गळ्यात नवी कोरी दुर्बीण होती, पिशवीत पक्ष्यांचं पुस्तक आणि पोळीभाजीचा डबा. समोर चिखल होता, नजर पोचेल तिथपर्यंत. त्यात रुतून बसलेली जुनी गलबतं आणि अगदी पलीकडे, धुक्यात, फिकट गुलाबी रेघेसारखं काहीतरी. रोहित पक्षी म्हणतात ते हेच, असं शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. दुर्बिणीतूनही ती रेघच राहिली, फक्त थोडी जाड झाली. नऊ वाजता मी डबा न उघडताच परत फिरले. आपल्याला हे जमणारं नाही, असं मनाशी जवळजवळ ठरवूनच.

पुढे तीनेक आठवड्यांनी ऐरोलीच्या बाजूला एका कोळी नाखव्याशी गप्पा मारताना हा प्रसंग सांगितला. जाळं विणता विणता त्यांनी विचारलं, "तिथी कोणती होती, ताई?" मला सांगता येईना. "मग तुम्ही घड्याळ बघून गेलात. खाडीवर तिथी बघून जायचं असतं." आणि त्यांनी कोकणातल्या प्रत्येक कोळीवाड्यात लहान पोरांनाही पाठ असलेला हिशेब मला शिकवला. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल त्या सुमाराला भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पाणी सर्वांत खाली जातं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

द्वितीयेची पाऊणपट दीड. दीडला भरती, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटीचा तळ. त्यातही पौर्णिमेनंतरचं उधाण. वर्षभरात शिवडीचं पाणी जितकं दूर जाऊ शकतं, जवळजवळ तितकं दूर गेलेलं असताना मी तिथे उभी होते. आणखी तीन तास थांबले असते तर पाणीच त्या गुलाबी रेघेला ढकलत ढकलत माझ्यापर्यंत घेऊन आलं असतं.

हे छोटं पुस्तक त्या सकाळसाठी लिहिलं आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या अभयारण्यात, खाडीकाठी किंवा पुळणीवर पहिल्यांदा पक्षी पाहायला निघालेल्या माणसाच्या हातात ते असावं, एवढीच इच्छा. रानातलं पक्षीनिरीक्षण आणि किनाऱ्यावरचं पक्षीनिरीक्षण यांत मोठा फरक आहे, आणि नवख्याला तो कुणी सांगत नाही. रानात पक्ष्याचा दिवस सूर्याप्रमाणे चालतो. उजाडताना गाणी, दुपारी सावलीत विसावा, संध्याकाळी पुन्हा लगबग. खाडीवर सूर्याला दुय्यम स्थान आहे. तिथे ताट मांडतो आणि उचलतो तो चंद्र, रोज पाऊण-एक तास उशिरा. चिखल उघडा पडला की जेवण, बुडाला की विश्रांती. मग बाहेर ऊन असो वा चांदणं. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण पक्ष्यांचं नाही, पाण्याचं आहे. पक्ष्यांची नावं त्यानंतर.

पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, हेही इथेच सांगून टाकते. अर्धा तास इकडचा तिकडे होतो. मुंबईपेक्षा दक्षिणेकडे, गोव्याकडे, भरती आधी लागते. आणि खाडीत जितकं आत जावं तितकी ती उशिरा पोचते. अपोलो बंदरची छापील वेळ ऐरोलीला जशीच्या तशी लावली तर चुकते. गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरकही मुंबईपेक्षा बराच कमी असतो. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. आता मोबाइलवर प्रत्येक बंदराची वेळ मिळते, ती जरूर पाहावी. पण तिथीचा हिशेब येत असला की महिन्याभराचे बेत स्वयंपाक करता करता मनातल्या मनात आखता येतात. मला स्वतःला या हिशेबाने आणखी एक गोष्ट दिली. माझ्या आजीच्या तोंडी असलेले उधाण, भांग हे शब्द मी फक्त ऐकले होते. ते पहिल्यांदा पायाखाली आले.

शिवडी किंवा ऐरोलीसारख्या चिखलाच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचावं आणि एके जागी बसावं. पाणी चढू लागतं ते लाटांनी नाही. चिखलातल्या बारीक ओहळांमधून ते आधी सरपटत येतं. निवट्या, म्हणजे डोळे वर काढून चिखलावर उड्या मारणारे ते मासे, बिळांकडे पळू लागतात. मग पाण्याच्या कडेने पक्षी सरकू लागतात. सगळ्यांत पुढे, कोरड्या बाजूला, आखूड चोचीचे चिखल्या. त्यांच्या मागे घोटाभर पाण्यात टिलवे आणि तुतवार. त्यांच्याही मागे पोटापर्यंत पाण्यात गॉडविट. आणि सर्वांत खोल पाण्यात, गुडघे बुडवून, रोहित. अर्ध्या तासापूर्वी एक किलोमीटरभर पसरलेली ही सगळी पंगत पाणी हळूहळू गोळा करत आणतं आणि तुमच्यापासून पन्नास-साठ पावलांवर आणून ठेवतं. तुम्ही काहीच करायचं नसतं. मी इतकी वर्षं पाहते आहे, तरी शेवटची दहा मिनिटं माझ्याने धड श्वास घेववत नाही.

आणि मग चिखल संपतो. सगळा थवा एकदम उठतो, हवेत एकदा वळतो, पोटाकडची पांढरी बाजू लखकन चमकते आणि पाण्यावरून मिठागराच्या दिशेने निघून जातो. पुढचे दोन-तीन तास तिथे बघण्यासारखं फारसं नसतं. तेव्हा डबा उघडावा.

नवख्याला सर्वांत जास्त रडवतात ते हे चिखलातले छोटे करडे-तपकिरी पक्षी. पुस्तक उघडावं तर दोन पानांवर वीस चित्रं, सगळी एकसारखी. त्यात हिवाळ्यात ते आपल्याकडे येतात तेव्हा विणीचे रंग उतरवून येतात. सैबेरियात विटकरी छाती मिरवणारा कर्ल्यू सँडपायपर इथे करड्या सदऱ्यात फिरतो. नावांचाही घोळ आहे. 'टिलवा' हे नाव एका यादीत एका पक्ष्याला दिलेलं असतं, दुसरीत दुसऱ्याला. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त मराठी नावांसाठी केलेलं काम फार मोलाचं आहे, आणि या पुस्तकात मी शक्य तिथे रूढ मराठी नावंच वापरली आहेत. पण जिथे मराठी नाव एकाहून अधिक पक्ष्यांना चिकटलेलं आहे, तिथे इंग्रजी नाव देवनागरीत दिलं आहे. गॉडविटला गॉडविट म्हटल्याने मराठीचं काही बिघडत नाही. चुकीच्या पक्ष्याला टिलवा म्हटल्याने मात्र पुढच्या वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

माझी सूचना अशी की रंग विसरा आणि चोच पाहा. चोच पाहिली की तो पक्षी काय खातो आणि कसा खातो हे कळतं, आणि ते कळलं की नाव अर्धं लागलेलंच असतं. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो नजरेने शिकार करतो. थोडं धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. ही धाव-थबक-टोच दोनशे फुटांवरूनही ओळखू येते, रंग दिसो न दिसो. तुतवाराच्या जातीचे पक्षी डोकं खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखे सतत टोचत चालतात. गॉडविटची चोच लांब आणि सरळ. तो ती मुळापर्यंत चिखलात खुपसतो. अशा चोचीच्या टोकाला स्पर्शाची जाण असते, आणि चोच चिखलात पूर्ण रुतलेली असतानाही फक्त टोक उघडून आतला किडा पकडता येतो. कर्ल्यूची तर जवळपास वीतभर लांब आणि खाली वाकलेली चोच. ती तो चिंबोरीच्या बिळात अशी फिरवून घालतो, की बीळ आणि चोच एकाच मापाने घडवल्यासारखी वाटावीत. उचाट्याची चोच याच्या उलट, वर वळलेली. तो ती पाण्यात डावी-उजवीकडे विळ्यासारखी फिरवत चालतो. एकाच चिखलावर हजारो पक्षी भांडणतंटा न करता जेवतात याचं कारण हेच. वरच्या थरातलं अन्न एकाचं, बोटभर खालचं दुसऱ्याचं, त्याखालचं तिसऱ्याचं. शहरातल्या माणसाला ज्या चिखलाचा नुसता वास येतो, ते असं थराथरांनी रचलेलं कोठार आहे.

पहिल्या हिवाळ्यात पाच पक्षी नीट ओळखता आले तरी पुरे. माझे पाच होते शेकाट्या, राखी बगळा, टिटवी, तपकिरी डोक्याचा कुरव आणि लाल पायांचा टिलवा. शेकाट्याचे गुलाबी पाय इतके लांब, की तो चुकणं शक्यच नाही. टिलव्याने मात्र मला दोन महिने फिरवलं. लाल पाय चिखलाने माखलेले असत आणि मला तो दर वेळी नवा पक्षी वाटे. शेवटी तो उडाला, पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसली आणि गुंता सुटला. खाडीवरच्या या सावध पहारेकऱ्याची शीळ एकदा कानात बसली की पुढे बघावंही लागत नाही. हा टिलवा लडाख-काश्मीरकडे वीण करतो. तपकिरी डोक्याचा कुरवही लडाखच्या तळ्यांकाठी. वर्सोव्याच्या जेट्टीवर मासळीच्या टोपल्यांभोवती घिरट्या घालणारा पक्षी उन्हाळ्यात त्सो मोरीरीच्या गार पाण्यावर असतो, हे कळल्यापासून मी त्याच्याकडे साध्या नजरेने पाहूच शकलेले नाही. आणि लिटल स्टिंट नावाचा जो सर्वांत चिमुकला पक्षी आहे, त्याचं वजन पंचवीसेक ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांइतकं. तो उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतो आणि तिथेच परत जातो. मध्य आशियातून जाणारा हा हवाई मार्ग तीस देशांवरून जातो. आपला किनारा त्यावरचा एक मुक्काम आहे.

रोहितबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक जण येतात ते त्याच्यासाठीच, आणि त्यात वावगं काही नाही. आपल्याकडे दोन जाती दिसतात. ठाण्याच्या खाडीत संख्येने जास्त तो लहान रोहित. गडद लालसर, लांबून काळीच वाटणारी चोच आणि जास्त गुलाबी अंग. मोठा रोहित उंच, बराच पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. दोघेही डोकं उलटं करून, चोचीची वरची बाजू खाली घेऊन खातात. चोचीच्या आतल्या कंगव्यासारख्या पट्ट्यांतून पाणी गाळलं जातं आणि अन्न मागे राहतं. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, मोठा रोहित पायांनी चिखल ढवळून बारीक कोळंबीसारखे जीवही उचलतो. अंगाचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो, म्हणून थव्यातली राखाडी पिल्लं पाहून आजारी पक्षी समजू नये; त्यांचा रंग अजून खाऊन व्हायचा आहे. कच्छच्या रणात ते वीण करतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला मुंबईकडे येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. गर्दी टाळायची असेल तर एप्रिल उत्तम. थवे तेव्हा मोठे असतात, ऊन मात्र कडक.

आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं तिच्याकडे येते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ६ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर झालं. सुमारे १६९० हेक्टर, त्यातली निम्म्याहून अधिक कांदळवनं आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये ठाण्याची खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरची महाराष्ट्रातली ती तिसरी पाणथळ जागा. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून होडीने खाडीत नेतात, आणि नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. हे सगळं चांगलं झालं. पण अभयारण्य आहे ते ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधल्या पट्ट्यात. मुंबईकरांना रोहित दाखवणारी शिवडी त्याच्या बाहेर. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू त्याच शिवडीहून निघतो. आणि भरतीला पक्षी जिथे विसाव्याला जातात ती मिठागरं, ते तलाव, उरणकडच्या त्या पाणथळी, त्यांतल्या कित्येक कोणत्याच रेषेच्या आत नाहीत.

पक्ष्याला घर लागतं ते दोन खोल्यांचं. ओहोटीला जेवायची खोली, भरतीला झोपायची. पहिली खोली राखली आणि दुसरी भरून टाकली तर पहिलीचाही उपयोग राहत नाही. दमलेला पक्षी पाणी उतरेपर्यंत हवेत तरंगत राहू शकत नाही. नेरूळच्या तलावात खाडीचं पाणी आत यायची वाट अडली तसा तलाव सुकत गेला आणि रोहित दिसेनासे झाले. तलाव बुजवला नव्हता, झाडं तोडली नव्हती. फक्त भरती आत येत नव्हती. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरत्या विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले, तेव्हा हे पक्षी रात्री का उडतात असा प्रश्न अनेकांनी विचारला. पाणी रात्रीही चढतं आणि उतरतं. एका खोलीतून दुसरीत जायची वेळ त्यांच्या हातात नाही. त्या दोन खोल्यांमध्ये आपण काय काय उभारत चाललो आहोत, हे मात्र आपल्या हातात आहे.

मला हे सगळं कुण्या अहवालातून कळलं नाही. पाण्याची वेळ पाहत बसायची सवय लागली, मग 'आता हे जातात कुठे' हा प्रश्न पडला, मग एका रविवारी त्यांच्या मागोमाग भांडुपच्या मिठागरांपर्यंत गेले, आणि तिथे तेच टिलवे एका पायावर उभे राहून, चोच पाठीत खुपसून झोपलेले दिसले. ज्याने ते झोपलेले पाहिले आहेत त्याला 'पडीक जमीन' हा शब्द पुन्हा सहज वापरता येत नाही.

खाडी सोडून वाळूच्या किनाऱ्यावर जायचं तर अलिबागजवळची आक्षीची पुळण मला सर्वांत आवडते. शके ९३४ मधला मानला जाणारा मराठी शिलालेख याच गावचा, त्यामुळे सकाळी पक्षी आणि उन्हं चढल्यावर शिलालेख असा माझा नेम आहे. इथे चिखल कमी, वाळू जास्त, म्हणून पक्षीही वेगळे. सँडरलिंग लाटेच्या मागे धावत जातात आणि पुढच्या लाटेपुढे धावत परत येतात. काळा-पांढरा ऑयस्टरकॅचर आपल्या लाल चोचीने शिंपल्या उघडतो. सुरय हवेत एका जागी थरथरत थांबून सरळ पाण्यात सूर मारतो. आक्षीहून थोडं उत्तरेला किहीम. १९३० च्या सुमाराला नोकरी हातात नसलेले सालिम अली तिथे राहत होते आणि शिडीवर आडोसा बांधून त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं निरीक्षण केलं. नर एकामागून एक खोपे विणतो, मादी येऊन पसंत करते, आणि ती अंडी उबवू लागली की हा पुढच्या खोप्याला लागतो, हे त्यांनी तिथे टिपलं. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या घराघरांत पोचलेला हा खोपा विणणारा नर असतो, हे मला किहीमच्या त्या गोष्टीतून कळलं. घराशेजारच्या एका झाडाकडे महिनोन् महिने पाहत राहिल्याने किती मोठं काही हाती लागू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

गोव्यात चोडण बेटावरचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य रायबंदरहून फेरीने गाठता येतं. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरची ती जागा, जवळजवळ सगळी कांदळवनं. इथे लांबवर पाहायला काहीच नाही, जे दिसतं ते हाताच्या अंतरावर आणि क्षणभर. भरतीला होडी आतल्या ओहळांत शिरते आणि फांद्यांवर बसलेले खंड्या डोळ्यांसमोर येतात. गळ्याभोवती पांढरी पट्टी असलेला कॉलर्ड किंगफिशर मी पहिल्यांदा तिथेच पाहिला. मोठे थवे पाहण्याची सवय झालेल्या माणसाला चोडण सुरुवातीला रितं वाटेल. तिथे डोळ्यांपेक्षा कान जास्त वापरावे लागतात. दक्षिण कोकणात मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय आणि पाकोळ्या वीण करतात. पण ते खडक खवळत्या समुद्रात आहेत आणि विणीच्या जागी आपण पाय न ठेवणं उत्तम. समुद्री गरुड पाहायचा असेल तर कोकणातल्या जुन्या उंच झाडांवर नजर ठेवावी. तो वर्षानुवर्षं त्याच घरट्यात नव्या काटक्यांची भर घालत राहतो.

सुरुवात कधी करावी, असं मला लोक विचारतात. ऑगस्टच्या अखेरीसच पहिले चिखल्या येऊन पोचतात, पण पावसात दुर्बीण सांभाळणं कठीण. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. २०२० पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि योगायोगाने किनाऱ्यावर पाहुणे स्थिरावण्याची वेळही तीच. त्या आठवड्यात जागोजागी जाणकार मंडळी नवख्यांना बरोबर घेऊन निघतात. त्यांच्यासोबत एकदा जा आणि मग लगेच त्याच जागी एकटे जा. दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून दिसलेला पक्षी आपला होत नाही. आपण चुकून, पुन्हा पाहून, वहीत खोडून लिहिलेला होतो.

दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. त्याहून जास्त पटीची हातात थरथरते. कपडे मातकट रंगाचे असावेत. चिखलात उतरू नये, कधीच. वरून टणक दिसणारी जागा मांडीपर्यंत आत ओढते. खडकांवर बसलेलं असताना पाठीमागून पाणी चढतं आणि वाट बुडते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही; शहरातून गेलेल्याला सांगावं लागतं. आणि थवा उडवू नये. छायाचित्रासाठी चार पावलं जास्त पुढे गेलं की पाच हजार पक्षी एकदम उठतात. पाहायला ते सुंदर दिसतं, पण ज्या पक्ष्याने इथून उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापर्यंत उडण्यासाठी चरबी साठवायला घेतली आहे त्याची त्या दिवशीची कमाई आपण खर्च करून टाकतो. भरतीला झोपलेल्या पक्ष्यांजवळ तर बोलूही नये.

या पुस्तकात किनाऱ्यावर दिसणारे सगळे पक्षी नाहीत. सुरुवातीच्या दोन-तीन हिवाळ्यांत भेटतील असे निवडून घेतले आहेत, आणि प्रत्येकाजवळ तो पाण्याच्या कोणत्या टप्प्याला कुठे उभा असतो ते लिहिलं आहे, कारण मला ओळखायला सर्वांत जास्त मदत त्याचीच झाली. समासात जागा मोकळी सोडली आहे. तिथे तारखेबरोबर तिथी लिहा. वर्षभराने पानं चाळताना तुमच्या लक्षात येईल की एका तिथीच्या नोंदी एकमेकींसारख्या आहेत आणि एका तारखेच्या नाहीत.

ज्या नाखव्यांनी मला तो हिशेब शिकवला ते आता होडीवर जात नाहीत. गुडघे धरतात. मागच्या महिन्यात या पुस्तकाची कच्ची पानं त्यांना वाचून दाखवली. चोचींचा भाग त्यांनी लक्ष देऊन ऐकला, मधेच थांबवून वाकड्या चोचीचा पक्षी चिंबोरीचे पाय आधी झटकून टाकतो आणि मग गिळतो हे लिहिलं आहे का, असं विचारलं. लिहिलं नव्हतं. आता प्रकरण सहामध्ये आहे.

आज पौष वद्य षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. दोन वाजत आले आहेत. अडीचपर्यंत मला खाडीवर पोचायला हवं.